छारानगरचं नाटक, कॅमेरा आणि कागद

१९९८ साली अहमदाबादच्या छारानगरात, म्हणजे छारा जमातीच्या वस्तीत, दोन पाहुणे आले. एक बंगाली लेखिका महाश्वेता देवी. दुसरे गणेश देवी. मूळचे भोरचे, बडोद्याला इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि ती नोकरी सोडून आदिवासींच्या भाषांमागे लागले होते. वस्तीतल्या तरुण पोरांना त्यांनी विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? शहरात या वस्तीची ओळख दोनच गोष्टींसाठी होती, हातभट्टीची दारू आणि पाकीटमारी. तिथल्या पोरांनी सांगितलं, वाचनालय पाहिजे.

वाचनालय झालं. त्याच खोलीतून ‘बुधन थिएटर’ उभं राहिलं. गेल्या पंचवीसहून जास्त वर्षांत या गटाने चौकात नाटकं केली, त्यातल्या काहींनी कॅमेरा हातात घेतला, काहींनी लेखणी. दक्षिण बजरंगे हे त्यातलं सर्वात ठळक नाव. नाटककार, दिग्दर्शक, माहितीपटकार आणि लेखक असं सगळं एकाच माणसात आहे.

मी हे प्रकरण निवडलं, कारण पथनाट्य करणाऱ्या प्रत्येक गटात आज एकच भांडण चालू आहे. प्रयोग करायचे, की व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकायचे, की लिहायचं? माणसं तीच दहा-बारा, त्यांच्या नोकऱ्या सांभाळून उरलेल्या रात्री त्याच, आणि पैशाच्या नावाने सगळीकडे शिमगा. मग कुणीतरी वेळापत्रक मांडतं, सोमवार-मंगळवार तालीम, बुधवारी शूटिंग. महिनाभरात ते कोलमडतं. छारानगरच्या गटाकडे असं वेळापत्रक कधी होतं असं वाटत नाही. त्यांच्याकडे प्रत्येक वेळी एक प्रश्न मात्र होता, हे नेमकं कुणाला ऐकवायचंय?

हजेरीचं रजिस्टर

छारांबद्दलचं सर्वात जुनं लिखाण पोलिसांचं आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ब्रिटिशांनी आधी उत्तरेत लावला. १९११ च्या दुरुस्तीनंतर तो मुंबई इलाख्यातही लागू करता आला. जमात एकदा यादीत गेली की तिच्यात जन्मलेलं पोर जन्मतःच संशयित. नावाची नोंद, ठरलेल्या वेळी हजेरी, गावाबाहेर जायचं तर पास. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. तारेच्या कुंपणातली ‘सेटलमेंट’ तिथे होती आणि तो शब्द शहराच्या बोलण्यात अजून आहे. अहमदाबादची छारा वस्तीही अशाच बंदिस्त वसाहतीतून आलेली, कुबेरनगरच्या अंगाला, नरोड्याजवळ.

आडनावं ऐकली तर मराठी माणूस चमकतो. इंद्रेकर, गागडेकर, बजरंगे. कारण ही माणसं आपल्याकडच्या कंजारभाटांची नातलग आहेत. भाषाही एकच, भांतू. महाराष्ट्रात कंजारभाट, गुजरातेत छारा, उत्तरेत सांसी. रेषा राज्यांच्या आहेत, गोतावळा एक.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द होऊन या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. त्यानंतर राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ साली. नव्या कायद्यात जमातीचं नाव नव्हतं. पण चौकीतल्या हवालदाराला कुणाच्या दारावर काठी आपटायची हे जुन्या सवयीने पाठ होतं.

एक गोष्ट इथेच नोंदवतो, कारण पुढे ती लागेल. छारांना शे-सव्वाशे वर्षं लिहिण्याचा अर्थ एवढाच माहीत होता की कुणीतरी आपल्याविषयी काहीतरी एका जाड वहीत लिहून ठेवतंय. अशा वस्तीत वाचनालयाची मागणी होते तेव्हा त्यात नुसती वाचनाची हौस नसते. वही आपल्या हातात हवी, हेही त्यात आलं.

पुरुलियाचा कागद

नाटक आधी की लिखाण आधी, या प्रश्नाचं उत्तर या प्रकरणात स्पष्ट आहे. लिखाण आधी.

पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातल्या अकरबैद गावचा बुधन सबर हा खेडिया सबर जमातीचा तरुण. सबरही गुन्हेगार जमातींच्या यादीतलेच. १० फेब्रुवारी १९९८ ला पोलिसांनी त्याला बायकोदेखत पकडून नेलं. १७ फेब्रुवारीला पुरुलियाच्या तुरुंगात तो मेला. त्याने स्वतःच्या गमछ्याने गळफास घेतला, असं पोलिसांचं म्हणणं.

यानंतर सबरांनी जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात नाट्यमय वाटतं. प्रेत लवकर जाळलं जावं हे पोलिसांच्या सोयीचं होतं. राखेचं शवविच्छेदन होत नाही. सबरांनी पोलिसांच्या डोळ्यांदेखत चिता पेटवली. चितेवर होता गवताचा पुतळा. बुधनचा देह त्यांनी गुपचूप पुरून ठेवला होता. महाश्वेता देवी ज्या सबर कल्याण समितीच्या पाठीशी होत्या, ती समिती कलकत्ता उच्च न्यायालयात गेली, देह बाहेर काढला गेला, पुन्हा शवविच्छेदन झालं. त्याच वर्षी जुलैत न्यायमूर्ती रुमा पाल यांनी निकाल दिला. सीबीआय चौकशी आणि बुधनची पत्नी श्यामली हिला भरपाई.

बुधनवरचं पहिलं पथनाट्य सबरांनीच केलं म्हणायचं. प्रेक्षक पोलीस. त्यांना कळलंच नाही की आपण नाटक बघतोय.

दरम्यान महाश्वेता देवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’चे लेखक, आपले लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्या जमातींच्या हक्कांसाठी एक कृतिगट उभा केला होता. त्या गटाच्या नियतकालिकाचं नाव ‘बुधन’. पुरुलियाची हकीकत छारानगरच्या वाचनालयात पोचली ती छापील रूपात. पोरांनी ती वाचली आणि त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. गावाचं नाव बदललं, गमछ्याच्या जागी दुसरं काही घातलं, की गोष्ट त्यांच्या गल्लीतली होती.

३१ ऑगस्ट १९९८ ला, विमुक्तीच्या तारखेलाच, छारानगरात देशभरच्या विमुक्त जमातींचं संमेलन भरलं आणि तिथे ‘बुधन’चा पहिला प्रयोग झाला. फेब्रुवारीत मृत्यू, जुलैत निकाल, ऑगस्टच्या अखेरीस नाटक. आपल्याकडे अनुदानाच्या अर्जावर सही व्हायला याहून जास्त वेळ लागतो.

हा वेग साधला कारण मजकूर तयार होता. कोण कुठे होतं, किती वाजता, कुणी काय सांगितलं हे सगळं न्यायालयापुढे येऊन तपासलं गेलेलं. नाटककाराला कल्पनेने भोकं बुजवावी लागली नाहीत आणि कुणाला ‘हे सगळं बनवलेलं आहे’ म्हणायची सोय राहिली नाही. पथनाट्याच्या गटात लिहिणारा माणूस म्हणजे संवाद पाडणारा, असा आपला समज असतो. इथे त्याचं पहिलं काम निकाल वाचणं होतं.

चौक

नाटकाचं अंग सोपं. नेपथ्य नाही, दिवे नाहीत. उभं करायचं ते नटांच्या अंगांनी. बंगाली नाटककार बादल सरकारांच्या, रंगमंच सोडून थेट लोकांत उतरणाऱ्या तिसऱ्या रंगभूमीशी हे नातं सांगतं. पण छारानगरच्या नटांना मार खाण्याचा अभिनय शिकवावा लागला नसणार, आणि हा फरक मोठा आहे. शेवटी नट प्रेक्षकांना विचारतात, आम्ही दुय्यम दर्जाचे नागरिक आहोत का?

भाषा हिंदी ठेवली. भांतूत केलं असतं तर वस्ती जास्त हसली-रडली असती. गुजरातीत केलं असतं तर शहराला जवळचं वाटलं असतं. पण हिंदी ही पोलीस, पत्रकार, न्यायालय आणि पुरुलियाचा सबर या सगळ्यांपर्यंत थोडीफार पोचणारी भाषा. संमेलनात देशभरचे लोक बसले होते, त्यांना समजायला हवं होतं. भाषेची निवड पाहिली की नाटक कुणाला ऐकवायचं होतं ते कळतं.

पुढचं नाटक आपल्या दारातलं. जून १९९८ मध्ये बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी माणूस पोलिसांच्या मारहाणीत मेला. त्याच्या मरणावरही बुधन थिएटरने नाटक केलं. एक मराठी माणूस म्हणून हे लिहिताना मला अवघडल्यासारखं होतं. बारामती ते पुणे शंभर किलोमीटर. पुण्यात नाटकवाल्यांना तोटा नाही. पिन्या काळेचं नाटक उभं राहिलं ते अहमदाबादेत, दारूच्या भट्ट्यांच्या वस्तीत.

चौकातल्या प्रयोगाचा एक गुण दुसऱ्या कुठल्याही माध्यमात नाही, तो म्हणजे नट तुमच्यापासून चार फुटांवर असतो. तो छारा आहे हे तुम्हाला माहीत असतं आणि तुमचा हात नकळत पाकिटावर जातो. मग तोच माणूस तुमच्या डोळ्यांत बघून बोलतो. या चार फुटांत जे घडतं त्यासाठी हे नाटक आहे. ते टिपता येत नाही. टिपलं तर पडद्यावर फक्त ओरडणारी माणसं दिसतात. पथनाट्याच्या व्हिडिओंत आवाज फाटका आणि अभिनय भडक का वाटतो याचं उत्तर हेच. तो आवाज रिक्षाच्या हॉर्नवर मात करण्यासाठी लावलेला असतो, हेडफोनसाठी नाही.

चौकाला परवानगीही लागते. महाराष्ट्रात संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते आणि सार्वजनिक जागेसाठी पोलिसांचा होकार घ्यावा लागतो. गुजरातेतही १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचाच वारसा चालतो. म्हणजे कोठडीतल्या मृत्यूवर नाटक करायचं तर अर्ज चौकीतच टाकायचा. गल्लीत, आपल्याच लोकांत प्रयोग करणारे गट हा अर्ज बहुतेकदा टाकत नाहीत. पोलीसही बहुतेकदा दुर्लक्ष करतात. हे दुर्लक्ष कधी संपेल हे कुणी सांगू शकत नाही. १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळ झंडापूरमध्ये दिल्लीचे पथनाट्यकार सफदर हाश्मी यांच्या प्रयोगावर हल्ला झाला तेव्हा तर समोर पोलीसही नव्हते, स्थानिक गुंड होते. दुसऱ्या दिवशी हाश्मी गेले.

कॅमेरा कुणाचा

छारानगरात कॅमेरा दोन वाटांनी आला. आधी बाहेरून.

शाश्वती तालुकदार आणि केरिम फ्रीडमन या दोघांनी बुधन थिएटरवर ‘ॲक्टिंग लाइक अ थीफ’ नावाचा पंधरा मिनिटांचा माहितीपट केला, २००५ साली, आणि तो इंटरनेटवर मोफत ठेवला. यूट्यूब त्याच वर्षी सुरू झालं होतं. भारतात तेव्हा व्हिडिओ बघायचा म्हणजे सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून अडखळत बघायचा. तरी फिल्म फिरली. विद्यापीठांत दाखवली गेली, छारानगर हे नाव कधी न ऐकलेल्या लोकांनी पाहिली. त्याच जोडगोळीने २०११ मध्ये पूर्ण लांबीचा माहितीपट केला.

त्या छोट्या फिल्मच्या नावातच छारांचा स्वतःवरचा विनोद आहे. आम्ही जन्मजात नट, ते म्हणतात, चोरी करायची तर अभिनय यावाच लागतो. आमच्या आज्या-पणज्या दुकानात शिरून असं सोंग घ्यायच्या की मालक स्वतःच उठून पाणी आणायचा. वस्तीत हा विनोद चालतो तेव्हा सगळे हसतात. प्रयोगानंतर नट प्रेक्षकांशी बोलताना तो सांगतो तेव्हाही चालतो, कारण आधीच्या अर्ध्या तासात तुम्ही बुधनला मरताना पाहिलेलं असतं.

आता हाच विनोद तीस सेकंदांत कापून फोनवर पाठवा. आगापिछा नाही, बुधन नाही. उरतं काय? छारा स्वतःच्या तोंडाने सांगतोय की आम्ही चोर. रजिस्टरमधल्या नोंदीखाली त्याने सही केल्यासारखं ते दिसतं.

याचा दोष त्या फिल्मकारांवर मी टाकत नाही. पंधरा मिनिटांत त्यांनी गोष्ट पूर्ण सांगितली होती. दोष तुकड्याचा आहे, आणि वेबवर प्रत्येक गोष्टीचा आज ना उद्या तुकडा होतोच. माझ्या स्वतःच्या पथनाट्य गटाचा याबाबतीतला अनुभव कडू आहे. आमच्यात एक मुलगी होती, दिवसा कपड्यांच्या दुकानात काम करायची. मालक-नोकर असा एक प्रवेश होता, त्यात ती मालकाची नक्कल करायची, झकास करायची. कुणीतरी तेवढाच तुकडा व्हॉट्सॲपवर टाकला. नाटक दुकानाविषयी नव्हतंच, घरकामगार बायकांविषयी होतं. चार दिवसांत तिचं काम गेलं. चौकात पन्नास लोकांनी तोच प्रवेश पाहिला होता आणि टाळ्या वाजवून घरी गेले होते. त्यानंतर आम्ही ठरवलं की व्हिडिओ टाकायचा तर पूर्ण टाकायचा, आणि ज्याचा चेहरा दिसतो त्याला आधी दाखवायचा. तेव्हापासून आमचे व्हिडिओ कमी लोक बघतात. असो.

दुसऱ्या वाटेने कॅमेरा आतून आला. दक्षिण बजरंगे स्वतः माहितीपट करू लागले. भटक्या-विमुक्तांवर, कच्छच्या लहान रणातल्या मीठ पिकवणाऱ्या आगरियांवर. त्यासाठी नाटकवाला जसा बसतो तसंच बसावं लागलं, मिठागराच्या कडेला, उन्हात, दिवसभर. पण रणातल्या आगरियांसमोर पथनाट्य करून उपयोग काय? त्यांचं दुःख त्यांनाच सांगायचं? त्यांची गोष्ट ज्यांना ऐकवायची ते कधीच रणात जाणार नव्हते. इथे नाटक हे चुकीचं माध्यम होतं, आणि बजरंगेंनी ते ओढूनताणून वापरलं नाही. मला ही निवड फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडचे गट प्रत्येक विषयाचं पथनाट्य करतात, कारण त्यांना पथनाट्यच येतं.

मग आला मोठा पडदा. २०१७ मध्ये बजरंगेंचा ‘समीर’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला, मोहम्मद झीशान अयूब मुख्य भूमिकेत. प्रमाणपत्राच्या वेळी सेन्सॉर मंडळाने एका संवादातल्या ‘मन की बात’ या शब्दांवर बोट ठेवलं, कारण ते पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरच्या कार्यक्रमाचं नाव. हे शब्द हिंदीत तुलसीदासांच्या काळापासून माणसं रोज वापरत असतील. या माणसाने जवळजवळ वीस वर्षं चौकात पोलिसांना खुनी म्हटलं होतं आणि तेव्हा कुणी संवाद तपासायला बसलं नव्हतं. पैसा आला, थिएटरं आली, तशी तीन साध्या शब्दांचीही झाडाझडती सुरू झाली.

त्या काळात वेबवरचा स्वतंत्र व्हिडिओ या दोन्हींच्या मध्ये होता. मंडळाचं प्रमाणपत्र लागत नसे, चौकीत अर्ज लागत नसे. मोकळं माळरान. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनंतर ते तितकं मोकळं राहिलं नाही, आणि तक्रारी तर तुकड्यावरूनही होतात.

२६ जुलैची रात्र

२६ जुलै २०१८. रात्री पोलिसांशी एक बाचाबाची झाली, आणि मध्यरात्रीनंतर मोठा फौजफाटा छारानगरात शिरला. घरांत घुसून मारहाण झाली, गाड्या फोडल्या, असा रहिवाशांचा आरोप. आपल्या माणसांवर आधी हल्ला झाला, असं पोलिसांचं म्हणणं. अनेकांना अटक झाली. मार खाल्लेल्यांत आणि पकडलेल्यांत वकील होते, वृत्तपत्राचा छायाचित्रकार होता.

वीस वर्षं ज्या प्रसंगाचं नाटक केलं तो प्रसंग घरात आला होता. आणि त्या रात्री नाटकाचा काहीही उपयोग नव्हता, हे स्पष्ट लिहायला हवं. उपयोग झाला फोनचा. फुटलेल्या काचा, पाठीवरचे वळ, रडणाऱ्या म्हाताऱ्या. हे व्हिडिओ अनघड होते, थरथरते होते, कुणी संपादित केलेले नव्हते, आणि म्हणूनच त्यांना वजन होतं.

पण नुसते व्हिडिओ असते तर ते इतर शेकडो व्हिडिओंसारखे दोन दिवसांत वाहून गेले असते. इथे ते धरून ठेवणारी माणसं वस्तीतच होती. १९९८ च्या वाचनालयात बसलेली पोरं एव्हाना चाळिशीकडे आली होती. कुणी पत्रकार झालं होतं, कुणी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जाऊन आलं होतं. छारानगरात वकिलांची संख्याही लक्षात येण्याजोगी आहे. पोलिसांशी रोजचा संबंध असलेल्या वस्तीत वकिली हा जवळचा धंदा ठरतो, यात नवल नाही. बातमी कुणाला द्यायची, कोणत्या शब्दांत द्यायची, जामिनाचा अर्ज कसा करायचा, जखमांची वैद्यकीय नोंद त्याच दिवशी का करून घ्यायची, हे सांगायला बाहेरून कुणी कार्यकर्ता यावा लागला नाही. व्हिडिओने गोष्ट दाखवली. लेखी बातमीने तिला तारीख, वेळ, कलम दिलं.

मग नाटकाने वीस वर्षांत केलं काय? मला वाटतं त्याने ही माणसं घडवली. तालमीत अंग चोरायचं नसतं, डोळे खाली घालायचे नसतात, गणवेशातल्या माणसाची भूमिका स्वतः करून पाहायची असते. हवालदार वीस वेळा रंगवलेला माणूस खऱ्या हवालदारापुढे वेगळा उभा राहतो. हे मोजता येणार नाही, कुठल्या अहवालात येणार नाही, अनुदानाच्या अर्जात तर लिहूच नये.

त्याच वर्षी आपल्याकडे, पिंपरीच्या भाटनगरात, याच गोतावळ्यातली पोरं दुसऱ्याच लढाईत होती. कंजारभाट लग्नांतल्या कौमार्य चाचणीविरुद्ध तिथल्या तरुणांनी मोहीम उघडली होती आणि तिचं मुख्य साधन होतं व्हॉट्सॲपचा गट. जानेवारीत एका लग्नात त्यांतल्या काहींना मारहाण झाली. त्यांनी नाटक का निवडलं नाही? कारण इथे समोरचा पोलीस नव्हता, स्वतःची जातपंचायत होती. चौकात उभं राहून आपल्याच काकाला, आपल्याच सासऱ्याला चार फुटांवरून ऐकवायला वेगळी छाती लागते. आधी एकमेकांना खासगीत शोधणं, आपण एकटे नाही एवढी खात्री करून घेणं भाग होतं.

वेळ, पैसा आणि पोरं

तिन्ही कामं एका गटात चालली की खरी ओढाताण माणसांची होते. माहितीपटाला पैसे मिळतात, थोडे का होईना. संस्था करून घेतात, विद्यापीठं बोलावतात. पथनाट्याला चहा मिळतो. लिहिणाऱ्याला तर तोही स्वतःच्या खिशातून प्यावा लागतो. चांगला नट कॅमेऱ्याकडे सरकतो, मग मालिकांकडे, मग शहराबाहेर. छारानगरचे कितीतरी नट असेच बाहेर पडले, आणि पडायलाच हवं होतं. आईबापांच्या भट्टीवर परत बसण्यासाठी ते नाटकात आले नव्हते.

गट टिकला तो दुसऱ्या कारणाने. खालून पोरं येत राहिली. वाचनालय उघडं होतं, मुलांचं नाटक चालू होतं, ‘बुधन’ची संहिता छापलेली होती. पाठ करायला काहीतरी हातात होतं. मूळ नट गेले तरी नवा मुलगा कागद घेऊन उभा राहू शकत होता. आपल्याकडच्या अनेक पथनाट्य गटांची संहिता दोन माणसांच्या डोक्यात असते. ती दोघं नोकरीला लागली की नाटक मेलं. मग उरतो यूट्यूबवर एक फाटक्या आवाजाचा व्हिडिओ, त्यावरून कुणाला प्रयोग बसवता येत नाही. मला विचाराल तर गटाने पहिला खर्च कॅमेऱ्यावर करू नये. संहिता नीट लिहून, छापून, चार जणांच्या घरी ठेवावी.

माझं हे मत छारानगरपुरतं खरं आहे, सगळीकडे नाही. जिथे पोलीस किंवा आपलीच जातपंचायत चौकात उभंच राहू देत नाही तिथे वेबच चौक असतो. भाटनगरचं उदाहरण वर आलंच.

रकाना

लिखाणाचा तोटा एकच, ते फार हळू चालतं. भटक्या-विमुक्तांसाठीचा राष्ट्रीय आयोग बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखाली बसला, अहवाल २००८ मध्ये आला. मग भिकू रामजी इदाते यांचा आयोग, त्याचा अहवाल दहा वर्षांनी. दोन्ही अध्यक्ष मराठी. शिफारशींची चळत वाढली आणि छारानगरच्या दारावरची काठी २०१८ मध्येही वाजली.

पण कधीकधी कागद पोचतो. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांतल्या जातीवर २०२० मध्ये एक वृत्तमालिका लिहिली. झाडू कुणी मारायचा, स्वयंपाक कुणी करायचा हे कैद्याची जात बघून ठरतं आणि तुरुंगांच्या नियमपुस्तकांतच तसं लिहिलेलं आहे, हे त्यांनी राज्याराज्यांतली नियमपुस्तकं उघडून दाखवलं. पुढे त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ ला निकाल आला. त्यात विमुक्त जमातींचा विषय सविस्तर आहे, जन्मावरून ‘सराईत गुन्हेगार’ ठरवणाऱ्या नियमांवर ताशेरे आहेत. आणि एक आदेश असा की तुरुंगांतल्या कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाकावा.

त्या मालिकेसाठी ना कॅमेरा लागला ना नट. छारानगरच्या पोरांनी १९९८ मध्ये जो निकाल वाचून नाटक बसवलं, तोही एका नियतकालिकातून आलेला छापील मजकूरच होता. हा २०२४ चा निकालही आता वाचनालयात ठेवता येईल. कुणाला त्यावर नाटक बसवावंसं वाटलं तर प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज मात्र अजून चौकीतच द्यावा लागतो.